डोंगराची सावली की झाडांची? फिनिक्सच्या उन्हाळ्यात कुत्र्याला कुठे न्यावं

सकाळी दोन्ही वाटांवर सावली असते, पण एक सावली डोंगराची आणि दुसरी झाडांची. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये घरी कुत्रा असेल तर मे ते सप्टेंबर हा फरक रोज सकाळी समोर उभा राहतो. एक वाट ड्रीमी ड्रॉ या खिंडीची, फिनिक्स माउंटन्स प्रिझर्व्ह या राखीव डोंगराळ भागातली. दुसरी सेंट्रल अव्हेन्यूच्या कडेने जाणारी मर्फी ब्रायडल पाथ. मी आणि आमचा मोत्या दोन्हीकडे चार उन्हाळे चाललो आहोत. मोत्या सात वर्षांचा, मध्यम चणीचा, आखूड केसांचा आहे. तुमचा कुत्रा झुपकेदार असेल किंवा चपट्या नाकाचा असेल तर हिशेब वेगळा लागेल, तेवढं मनात धरून पुढचं वाचा.

कॅमलबॅक आणि पिएस्टेवा या डोंगरांच्या शिखरांची वाट इथे का नाही, असं वाटलं असेल तर तिथे कुत्र्यांना मुळात परवानगीच नाही. शहराच्या बाकीच्या डोंगरवाटांवर 2016 पासून नियम आहे: पारा 100 अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 38 सेल्सिअसला पोचला की कुत्र्याला वर नेणं हा गुन्हा. दंड 2,500 डॉलरपर्यंत आणि कैद सहा महिन्यांपर्यंत होऊ शकते. नियम चांगलाच आहे, मला तो कधी जाचक वाटला नाही. फक्त तो हवेबद्दल बोलतो, आणि कुत्रा चालतो जमिनीवर. त्याला घाम येतो तोही बहुतेक पंजांच्या गाद्यांतूनच. बाकी उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे जीभ आणि धाप एवढंच. तेव्हा आकडा बघाच, पण वाटेला लागण्याआधी हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा. हात काढावासा वाटला तर तिथूनच परत फिरा.

2023 च्या उन्हाळ्यात 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत सलग 31 दिवस पारा 110 अंश किंवा त्याच्या वर जात होता. त्याच जुलैत सलग 16 दिवस रात्रीसुद्धा तो 90 च्या खाली उतरला नाही. अशा रात्रीनंतर पहाटेचा दगड गार असेल, ही आपली समजूत असते. त्या महिन्यात ड्रॉमधल्या एका मोठ्या खडकाला मी पहाटे पाठ टेकली, तर आदल्या दिवशीचं ऊन अजून त्याच्यात होतं. आपल्याला सावलीत गार वाटतं, पण कुत्रा पोटाखालून तापत असतो.

आता ड्रीमी ड्रॉ. चालण्याचा आनंद म्हणाल तर ही वाट उजवी, यात मला शंका नाही. एकेकाळी इथे पाऱ्याच्या खाणी होत्या. पाऱ्याच्या वाफेने कामगारांना गुंगी यायची आणि त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. खिंडीतून शहराची ट्रेल 100 जाते. ती प्रिझर्व्ह पूर्व-पश्चिम ओलांडणारी दहा-अकरा मैलांची वाट आहे आणि महामार्ग 51 च्या खालून बोगद्यातून पलीकडे निघते. त्या बोगद्यात मोत्या न चुकता दोन मिनिटं काँक्रीटवर पोट टेकून बसतो. डोक्यावरून गाड्या जात असतात, त्यांच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. पलीकडे आलं की वळणावळणाने टेकड्या जवळ येतात, लाव्ह्यांची लगबग ऐकू येते, क्रिओसोटच्या झुडपांचा वास येतो. शहराच्या पोटात आहोत हे विसरायला होतं. पूर्वेची टेकडी सूर्याला अडवून धरते आणि तिच्या पायथ्याशी बराच वेळ ऊन पोचत नाही.

जूनअखेरीला सूर्य 5 वाजून 20 मिनिटांच्या सुमारास उगवतो. माझ्या अनुभवात खिंडीतल्या चांगल्या पट्ट्यांत साडेसहापर्यंत सावली टिकते. घड्याळ लावून मी कधी मोजलेलं नाही, पण मोत्याची जीभ जिथे एका बाजूला लोंबायला लागते ती जागा आणि ती वेळ ठरलेली आहे. जाताना मिळालेली सावली येताना मात्र मिळेलच असं नाही. डोंगर आपली सावली दर मिनिटाला आवरती घेत असतो. पण हे माहीत असलं की वेळेत परत फिरता येतं, म्हणून त्याची मला फार तक्रार नाही. रॅटलस्नेकचंही तसंच. उन्हाळ्यात ते रात्री आणि पहाटे फिरतात, म्हणून पट्टा आखूड धरायचा आणि झुडपात तोंड घालू द्यायचं नाही. व्हॅली फीव्हर या फुफ्फुसांच्या आजाराची बुरशी इथल्या मातीत असते. कुत्रा उकरायला लागला की धूळ नाकात जाते, तेव्हा उकरू द्यायचं नाही. एवढं सगळं सांभाळून मी दोन उन्हाळे तिथेच जात होतो.

माझं मन फिरवलं ते चोया नावाच्या निवडुंगाने.

इथे राहणाऱ्याला चोया सांगायला नको. पण कुत्र्याच्या उंचीवरून तो कधी पाहिलाय का? टेडी बेअर चोयाच्या कांड्या नुसत्या धक्क्याने सुटतात. जमिनीवर पडतात आणि तिथेच मूळ धरतात, तीच त्या निवडुंगाची पसरायची रीत. त्यामुळे झाडाखाली आणि उताराच्या बाजूला लिंबाएवढे गोळे विखुरलेले असतात. पाणी वाहून गेलं की तेही वाहत वाटेवर येतात. प्रत्येक काट्याला मागे वळलेली बारीक कुसळं असतात, आत गेलेला काटा त्यामुळे सरळ बाहेर येत नाही. हे सगळं दिवसाउजेडी निभावून जातं, कारण ऊन पडलं की ते काटे चांदीसारखे चमकतात आणि दहा पावलांवरून दिसतात. सावलीत तेच काटे विझतात. गोळा खडीच्या रंगाचा होऊन जातो. ज्या सावलीसाठी आपण पहाटे उठून आलो तीच सावली हे गोळे लपवते. आणि ते नीट दिसण्याइतका उजेड झाला की जमीन तापायला लागलेली असते.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, बोगद्याच्या पलीकडे थोडं पुढे, मोत्या चालता चालता थांबला आणि मागचा पाय वर धरून उभा राहिला. गोळा दोन गाद्यांच्या मधोमध बसला होता. मी वाकेपर्यंत त्याने मान वळवून तो दातांनी धरला. पाय सुटला आणि गोळा ओठाला लागला. तो पंजाने काढायला गेला तेव्हा पंजात आणि जिभेत. तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. तोंड उघडं होतं आणि लाळ गळत होती. माझ्याकडे कंगवा नव्हता. दोन काटक्यांनी मोठा गोळा उडवला. उरलेले काटे तसेच ठेवून त्याला उचलून गाडीपर्यंत आणलं. तोवर टेकडीच्या माथ्यावरून ऊन खाली आलं होतं. डॉक्टरांनी भूल देऊन जिभेतले काटे काढले. तो संध्याकाळी जेवला, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. रुंद दातांचा कंगवा खिशात आला. तो केस आणि गोळा यांच्या मधे सरकवून एका झटक्यात गोळा आपल्यापासून लांब उडवायचा, हात लावायचा नाही, उरलेले काटे पकडीने ओढायचे. ही विद्या प्रत्येकाने शिकावी. बूट घालून पाहिले. काही काटे कापडातून आत आलेच, आणि परत आल्यावर बूट काढले तर पंजे ओलेचिंब. ज्या गाद्यांतून उष्णता बाहेर पडायची त्याच आपण बांधून टाकतोय असं वाटलं. डोक्याला दिवा लावला, तर प्रत्येक खड्याला स्वतःची सावली पडली आणि सगळेच खडे चोया दिसायला लागले. शेवटी उरलं काय, तर तासभर मान खाली घालून मी जमीन न्याहाळतोय आणि पट्टा हातभर ठेवलाय. मोत्याला काही हुंगता येत नाही. फिरणं राहिलं बाजूला, नुसती राखण झाली.

मर्फीची वाट मी त्याआधी गंभीरपणे घेतली नव्हती. बेथनी होम रोडपासून उत्तरेला ॲरिझोना कालव्यापर्यंत साधारण अडीच मैल, सरळ आणि सपाट. एका अंगाला सेंट्रल अव्हेन्यू, दुसऱ्या अंगाला बंगले. हायकिंगला निघालेल्या माणसाला हे नाव घ्यायला जरा जडच जातं. पण या सावलीला इतिहास आहे. विल्यम मर्फीने 1885 मध्ये ॲरिझोना कालवा पुरा केला आणि पुढे याच रस्त्याच्या दुतर्फा ॲश आणि ऑलिव्हची झाडं लावली. कालव्यांची कल्पनाही त्याची नव्हती. त्याच्या कितीतरी शतकं आधी होहोकाम लोकांनी सॉल्ट नदीचं पाणी याच खोऱ्यात हाताने खणलेल्या कालव्यांनी फिरवलं होतं. आजही या भागातल्या बऱ्याच अंगणांना पाटाचं पाणी मिळतं. अंगणाला भोवतीने बांध असतो. पाळी आली की झडप उघडायची आणि हिरवळ घोट्याएवढ्या पाण्याखाली जाते. अशा एखाद्या पहाटे त्या वाटेने चालून बघा. गारवा झाडांतून उतरतो आणि अंगणातून आडवाही येतो. अंश किती कमी होतात ते मला सांगता येणार नाही. ड्रॉमधून परतलं की मोत्या घरी स्वयंपाकघरातल्या फरशीवर चारी पाय पसरून तासभर पडून असायचा, मर्फीवरून आला की पाणी पिऊन थेट दाराशी जाऊन बसतो. मला एवढं मोजमाप पुरतं.

पायाखाली बारीक खडी आहे, दाबून बसलेली. डांबर नाही. आणि चोया नाही. हे पहिल्या दिवशी मला चालू लागल्यावर दहा मिनिटांनी जाणवलं, कारण माझी मान वर होती. पट्टा सैल होता आणि मोत्या एका ऑलिव्हच्या बुंध्याशी मन लावून वास घेत उभा होता. मी त्याला ओढलं नाही.

उणिवा इथेही आहेत आणि त्या लपवायच्या नाहीत. गाड्यांचा आवाज सुटत नाही. ग्लेनडेल आणि नॉर्दर्न हे दोन मोठे रस्ते ओलांडावे लागतात आणि सिग्नलला थांबताना कुत्रा डांबरावर उभा राहू नये याची काळजी घ्यावी लागते. मी मागे खडीवरच थांबतो आणि दिवा बदलला की निघतो. सावली सलग नाही, मधे मधे उघडे तुकडे आहेत. कुंपणाला कण्हेर पुष्कळ आहे. ती कुत्र्याला विषारी असते, पान चघळायची सवय असेल त्याने जपावं. जुलै-ऑगस्टच्या मॉन्सूनमध्ये पाऊस पडून गेला की ओल्या जागी सोनोरन डेझर्ट टोड निघू शकतो. तो मोठा, हिरवट, सुस्त बेडूक तोंडात धरणं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. तसं झालं तर पाण्याची धार तोंडातून बाहेर वाहील अशी धरून, हिरड्या पुसून लगेच डॉक्टर गाठायचा. वाटेत दुसरे कुत्रेही भरपूर भेटतात. मोत्याला ते आवडतं, पण तुमचा बुजरा असेल तर डोंगरच बरा.

तर ठरवायचं कसं? तुमचा कुत्रा तरुण असेल, तुम्हाला चढ हवा असेल आणि जमिनीवरची नजर न काढण्याची तुमची तयारी असेल, तर ड्रॉला नाही म्हणायचं मला काही कारण नाही. तिथे जाणारे आणि वर्षानुवर्षं एकही काटा न लागलेले लोक मला भेटले आहेत. नोव्हेंबर ते मार्च तर मी स्वतःही तिकडेच जातो. तेव्हा नऊ वाजता निघता येतं. भरपूर ऊन असतं, ते सोसवतं, आणि चोया दहा पावलांवरून चमकून सांगतो की मी इथे आहे. पण ज्या महिन्यांत सावलीशिवाय चालताच येत नाही, त्या महिन्यांत मी अशी सावली निवडीन जिच्यात पायाखालचं दिसलं नाही तरी चालेल.

कंगवा गाडीत कायम ठेवलेला आहे, पट्ट्याच्याच खुंटीला अडकवून. मे महिना लागला की मोत्या अजून एकदा-दोनदा ड्रॉच्या वळणाशी खिडकीत उभा राहून कुईकुई करतो. बोगद्याची त्याला आठवण असावी. बेथनी होमला दार उघडलं की मात्र माझ्या आधी उतरतो आणि त्या पहिल्या ऑलिव्हपाशी जाऊन थांबतो.