चित्रातला स्टॉल आणि टेम्पोतून उतरलेला स्टॉल

सांगलीत आमचं हळद पॉलिश करायच्या ड्रमचं वर्कशॉप आहे. आजवर प्रदर्शनात आयोजकांनी उभारून दिलेला नऊ चौरस मीटरचा स्टॉल, दोन स्टँडी आणि एक टेबल एवढ्यावर भागत होतं. यंदा मुलगा म्हणाला, ‘बाबा, असल्या स्टॉलपुढं आता कुणी थांबत नाही.’ त्याचं अगदीच चूक नव्हतं. म्हणून गोरेगावच्या एका प्रदर्शनात 36 चौरस मीटर मोकळी जागा घेतली. तिथं जमिनीवरचा गालिचासुद्धा आपणच आणायचा, त्यामुळं फॅब्रिकेटर, म्हणजे स्टॉल बनवून उभारून देणारा, शोधणं आलं.

इंटरनेटवर सापडलेल्या एकानं दोन तासांत स्टॉलचं थ्रीडी चित्र पाठवलं. आमचा ड्राफ्ट्समन साध्या हॉपरच्या ड्रॉइंगला दोन दिवस घेतो, तिथंच मी थबकायला हवं होतं. पण चित्र बघून भुललो. शेवाळाची हिरवीगार भिंत, आतून उजळणारे कापडी लाइटबॉक्स, मधोमध एलईडी वॉल. ‘सर, सध्या हाच ट्रेंड आहे,’ हे त्याचं पालुपद. दर चौरस मीटरला 9,000, म्हणजे 3,24,000, वर 18 टक्के जीएसटी. निम्मे पैसे आगाऊ पाठवले. बदल्यात हातात काय, तर ते चित्र आणि एका पानाचं कोटेशन. त्यात ‘एलईडी वॉल – 1 नग’. आम्ही साधा बोल्ट मागवतानाही साइज आणि ग्रेड लिहितो हो!

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चारपर्यंत कुणाचा पत्ता नव्हता. मग टेम्पो आला. शेवाळ प्लास्टिकचं. प्लायचे तुकडे कुठल्या तरी जुन्या स्टॉलचे, एकावर दुसऱ्याच कंपनीचं अर्धं नाव. चौकटीत ताणून बसणाऱ्या कापडाच्या जागी फ्लेक्स, त्यातून मागच्या ट्यूबांचे पट्टे दिसत होते. फोनवर एलईडीचा पिच, म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, अडीच मिलिमीटर सांगितला होता. पट्टी माझ्या खिशात कायम असते. मोजलं तर ओळीतले दहा ठिपके 25 मिलिमीटरांत मावायला हवेत, ते 48 घेत होते. चार हातांवरून आमच्या व्हिडिओतली अक्षरं चाळणीतून बघितल्यासारखी दिसत होती.

रात्री अकराला त्याचा सुपरवायझर म्हणाला, उरलेली रक्कम आणि वर 40,000 द्या, तरच लाइट जोडतो. जादाचे पैसे एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. सकाळी दहाला लोक येणार. मुलगा नको म्हणत होता, तरी मी दिले.

खरी गंमत पुढं आहे. बिल सीएकडं गेलं तेव्हा कळलं, की त्याची जीएसटी नोंदणी कधीच रद्द झाली आहे. म्हणजे 58,320 रुपयांचं क्रेडिट, आमच्या करातून मिळणारी वजावट, गेलं. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून हे कुणालाही बघता येतं, लॉगिन लागत नाही. नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे, मग दहा अक्षरांचा पॅन. पूर्ण नंबरातलं सुरुवातीपासून सहावं अक्षर बघायचं: कंपनी असेल तर ‘सी’, एकटा माणूस असेल तर ‘पी’. लेटरहेडवर प्रायव्हेट लिमिटेड आणि नंबरात ‘पी’! मोडतोड न उचलता तो पळाला, त्यामुळं आयोजकांकडचं डिपॉझिटही बुडालं. ते त्यानं गोड बोलून माझ्याच नावानं भरायला लावलं होतं.

पोलिसांनी ऐकून घेतलं. माल दिला आहे, कमी प्रतीचा आहे, म्हणजे हा व्यवहाराचा वाद, असं त्यांचं म्हणणं. पिच फक्त फोनवर ठरलेला, कागदावर नाही, त्यामुळं वकीलही फार उत्साही नाहीत. आता मी मापं आणि मटेरियल लिहिलेलं ड्रॉइंग सही करून घेतो, पूर्वी केलेला एक स्टॉल उभा असताना जाऊन बघतो, आणि वीस टक्के रक्कम प्रदर्शन उठल्यावरच देतो.

ते चित्र मुलानं गूगल लेन्समध्ये टाकलं. जर्मनीतल्या एका प्रदर्शनातल्या खऱ्या स्टॉलचा फोटो निघाला, लोगो तेवढा आमचा चिकटवलेला. परवा नाशिकच्या एका द्राक्षवाल्या ओळखीच्यांनी व्हॉट्सॲपवर विचारलं, ‘हा फॅब्रिकेटर कसा आहे?’ सोबत चित्र होतं. तीच शेवाळाची भिंत, त्यावर आता त्यांचा लोगो.