पडद्याशिवायचं पार्श्वसंगीत: काही महिने ऐकल्यानंतर

सिनेमाचं संगीत सिनेमा न बघता ऐकणं आपल्याला नवीन नाही. 'एक धागा सुखाचा' पाठ असलेल्या दहा जणांना विचारून बघा, 'जगाच्या पाठीवर' बघितलाय का. गदिमांचे शब्द, बाबूजींचा आवाज आणि रेडिओ, एवढ्या भांडवलावर ते गाणं १९६० पासून चालू आहे आणि राजा परांजप्यांचा सिनेमा बिचारा मागे राहिलाय. गाण्याचं एक बरं असतं. त्याला शब्द असतात, मुखडा-अंतरा असतो, चार मिनिटांत ते आपलं आपण सुरू होतं आणि संपतं. मला कुतूहल होतं ते गाण्यांच्या मधल्या संगीताचं. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून कामाच्या वेळी (काम हिशेब तपासायचं, म्हणजे डोळे गुंतलेले आणि कान रिकामे) आणि संध्याकाळी फिरताना गाणी कमी करून पार्श्वसंगीतच लावत आलोय.

आधी तक्रारी सांगून टाकतो. एक म्हणजे आवाजाचा चढउतार. बासरी ऐकू येईना म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी अख्खा ऑर्केस्ट्रा कानात कोसळतो. थिएटरात हे छान वाटतं, रस्त्याच्या कडेनं चालताना नाही. दुसरं, बरेच ट्रॅक मिनिटभराचेच. चहा गाळून होईपर्यंत तीन येऊन जातात. तिसरं, नकली माल. ओळखीचं नाव, ओळखीचं चित्र, आणि वाजवणारा भलताच कुठला तरी वाद्यवृंद. हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आणि ट्रॅकची नावं! १९९९ च्या 'स्टार वॉर्स'चा अल्बम सिनेमाच्या आधी बाजारात आला आणि त्यातल्या एका ट्रॅकचं नाव होतं 'क्वाय-गॉन्स नोबल एंड', म्हणजे क्वाय-गॉन या पात्राचा उदात्त शेवट. कोण मरणार हे पाकिटावरच छापलेलं. यादी न वाचता ऐकत जा, एवढंच सांगेन.

आता मुख्य मुद्दा. इतके महिने ऐकून माझ्यापुरता एक नियम तयार झालाय: ज्या संगीताची लांबी चित्रानं ठरवलेली नाही, ते एकट्यानं टिकतं. नटानं मान वळवली की व्हायोलिन, दार उघडलं की ढोल, असं सेकंद मोजून बेतलेलं संगीत नुसतं ऐकणं म्हणजे शेजारचा माणूस फोनवर बोलतोय आणि आपल्याला त्याचीच बाजू ऐकू येतेय. मधेच हसतो, मधेच गप्प होतो, आपल्याला पत्ता नाही.

नियमाच्या बाजूनं सगळ्यात भक्कम साक्ष संगीतकार एन्निओ मोरिकोनेची. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) या वेस्टर्न सिनेमाच्या मुख्य चाली शूटिंगच्या आधीच तयार होत्या. लिओने त्या सेटवर वाजवायचा आणि नट, कॅमेरा त्या अंदाजानं चालायचे. नायिका रेल्वे स्टेशनवर उतरते, न्यायला कोणी आलेलं नसतं, ती स्टेशनातून बाहेर पडते आणि कॅमेरा छपरावरून उचलला जाऊन पलीकडचं उभं राहत असलेलं गाव दाखवतो. तिथे एड्डा डेल'ऑर्सोचा बिनशब्दांचा आवाज वर चढतो. डोळे मिटून ऐकलं तरी तो चढ जसाच्या तसा कळतो, कारण चढ आधी सुरांत होता, क्रेन मागून आली. कितीही वेळा लावलं तरी हे शिळं झालेलं नाही. 'इंटरस्टेलर'चंही (२०१४) थोडं असंच. दिग्दर्शक नोलननं संगीतकार हान्स झिमरला कथानक न सांगता बाप आणि मूल एवढ्याच विषयावर पानभर मजकूर लिहून दिला आणि त्यावरून पहिली चाल करून घेतली. पुढे लंडनच्या टेंपल चर्चमधला ऑर्गन आला. हिशेबाच्या कामाला याच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र तासाभरानं सगळे ट्रॅक एकमेकांचे भाऊ वाटायला लागतात.

'सायको'नं (१९६०) नियम मोडला. संगीतकार बर्नार्ड हर्मननं चित्र समोर ठेवून, फक्त तंतुवाद्यांवर ते लिहिलं. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको असं दिग्दर्शक हिचकॉकचं आधी म्हणणं होतं, हर्मननं तरीही लिहिलं. ते किंचाळणारं व्हायोलिन एकटं ऐकलं तर मिनिटभराची दचकवणी आहे, फार काही नाही. पण सुरुवातीचं श्रेयनामावलीचं संगीत कुठेही लावा, तुम्ही चालताय तो रस्ता धोक्याचा होतो. हर्मनची बांधणी छोट्या छोट्या, परत परत येणाऱ्या तुकड्यांची असते. कुठेही कापा, उरलेलं पुरं वाटतं.

आणि मग 'पथेर पांचाली' (१९५५). रविशंकरांच्या हाताशी वेळ नव्हता, बहुतेक संगीत एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित झालं. बासरीची ती मुख्य चाल नियमात चपखल बसते. रविशंकरांनी स्वतःच ती पुढे सिनेमातून बाहेर काढली. १९६२ च्या 'इम्प्रोव्हायझेशन्स' या तबकडीत ती बड शँकच्या बासरीसोबत सैलपणे फुलवलेली आहे, आणि सिनेमा न बघितलेल्या माणसालाही ती आवडावी अशी आहे. पण त्याच सिनेमात घरातला कर्ता पुरुष हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो, आणलेल्या वस्तू दाखवता दाखवता मुलीसाठी, दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो. दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. त्याची बायको सर्वजया कोसळते, तोंड उघडते, आणि तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तार-शहनाई (गजानं वाजवायचं तंतुवाद्य), दक्षिणामोहन टागोरांनी वाजवलेली, वरच्या पट्टीतला पटदीप राग. सिनेमा बघताना हे असह्य होतं. हेडफोनवर नुसतं ऐकलं तर? पटदीपाची ओळख पटेपर्यंत संपलेला एक तुकडा. सुरेल आहे, पण तुकडाच. म्हणजे माझ्या मते या अल्बममधली सगळ्यात थोर जागा मी सगळ्यात कमी वेळा लावलीय. एकट्यानं टिकणं ही सिनेसंगीताची परीक्षाच नव्हे, असं म्हणायला हा एक तुकडा पुरेसा आहे. हे वाद्य तिथे वाजत नाहीये, ते त्या बाईच्या घशात आहे. चेहरा काढून घेतला की उरतो तो राग.

'शोले'च्या बाबतीत आपल्या लोकांनी हा तिढा आधीच सोडवून टाकला होता. पॉलिडोरनं संवादांच्या तबकड्या काढल्या आणि त्या धडाक्यात खपल्या. संगीत सिनेमापासून वेगळं काढण्यापेक्षा सिनेमाच चित्राशिवाय घरी आला. मी फोन पालथा ठेवून अख्खा 'शोले' ऐकून बघितला: नभोनाट्य म्हणून फर्स्ट क्लास. बसंतीच्या टांग्याच्या पाठलागात सामताप्रसादांचा तबला आणि टापा यांची जी जुगलबंदी चालते, ती बघताना निम्मी निसटते, कारण डोळे घोड्यावर असतात. भानू गुप्तांची माउथ ऑर्गनची धून मात्र मला एकटी थोडी कोरडी वाटते. समोर दिवे मालवणारी राधा हवी. मतभेद होणार, माहितीये.

शेवटी 'सैराट', कारण याच्यावर घरात वाद झाला. अजय-अतुलनी यासाठी हॉलिवूडमधल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. थिएटरातल्या शिट्ट्यांत आणि फोनच्या स्पीकरवर त्याचा निम्मा भाग वाया गेला होता. चांगल्या हेडफोनवर 'याड लागलं'मधली व्हायोलिनं थरावर थर रचत जातात ते नीट कळतं. गाणी एकटी टिकतात यात शंकाच नाही. पण अल्बममध्ये गाणी चारच आणि चारही पूर्वार्धातली. त्यामुळे अल्बम ऐकत राहिलं की आर्ची-परशाचं सगळं कायम छानच चाललेलं असतं. त्यातही 'झिंगाट': प्रत्येक वरातीत, प्रत्येक मिरवणुकीत ते वाजतं आणि सिनेमा कोणाला आठवत नाही. सिनेमात ते वाजतं आर्चीच्या भावाच्या, प्रिन्सच्या वाढदिवसाला. तोच प्रिन्स शेवटी हैदराबादला तिच्या दारात येतो. आणि शेवटच्या दृश्यात नागराज मंजुळे संगीत तर सोडाच, आवाजच काढून घेतो. ती शांतता कुठल्याही अल्बमवर मिळत नाही. 'उगाच गाण्यात सिनेमा कशाला आणतोस, नाचू दे की लोकांना,' हे भावाचं म्हणणं. नाचू देत. मला मात्र हल्ली वरातीत ते लागलं की प्रिन्स दिसतो.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी मोरिकोनेपासून करावी, शफल बंद ठेवून आणि हेडफोनवर थोडे पैसे घालून. बघून झालेला सिनेमा ऐकू नका आधी, न बघितलेला ऐका, मग बघा. उलट्या क्रमात स्वतःचीच आठवण ऐकू येत राहते. बाकी आमच्याकडे 'सायको' स्पीकरवर लावायला बंदी झाली आहे. वेस्टर्नला परवानगी आहे, रविवारी सकाळी, आणि कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर.