ओल्ड स्कूल रुनस्केप: पावसाळाभर खेळल्यानंतर

मृगाच्या पावसात डाउनलोड केला, चवथ झाली, दिवाळी उलटली, तरी अजून खेळतेय. इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा हा गेम: आपलं एक पात्र घ्यायचं, झाडं तोडायची, लढायचं, सोनं कमवायचं. ग्राफिक्स वगैरे सोडून देते.

मला जुना गेम हवा होता, बस. 2012च्या नोव्हेंबरात मूळ रुनस्केपमधली लढाईची पद्धत पार बदलली आणि जुने खेळाडू वैतागले. मग कंपनीने 2007च्या ऑगस्टमधला बॅकअप बाहेर काढला, जुना गेम परत आणावा का यावर खेळाडूंची साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि फेब्रुवारी 2013मध्ये हा सुरू झाला. म्हणजे 2007 जसाच्या तसा मिळेल, असं मी धरून चालले होते. तसा तो मिळत नाही, आणि सुरुवातीला याचाच मला भयंकर राग होता.

राग निवळला तो डिचोलीच्या लाईटमुळे. आमच्याकडे जरा वारा सुटला की झावळं तारेवर पडतात, लाईट जाते, राउटर बंद. एका संध्याकाळी झाडं तोडताना कॉम्प्युटर असाच गेला. मोबाइल डेटावर लॉगिन केलं, तर गेममधली माझी बाई त्याच झाडाजवळ उभी, पिशवीतले ओंडके जिथल्या तिथे. हे मोबाइलवर खेळण्याचं प्रकरण 2018चं, 2007शी त्याचा काही संबंध नाही. पण रेंजचा एकच दांडा असताना खेळता येतं ते जुन्या इंजिनामुळे: गेम दर 0.6 सेकंदांनी एकदाच हिशेब करतो, त्यामुळे थोडी दिरंगाई पचून जाते. हा 0.6 सेकंदांचा ठोका, म्हणजे 'टिक', कुणी 'सुधारली' तर पावसाळ्यात माझा गेम संपला.

पैशांचंही तसंच. ग्रँड एक्सचेंज, म्हणजे खेळाडूंचा माल आपोआप विकून देणारा गेममधला बाजार, त्या बॅकअपमध्ये नव्हतं, खेळाडूंच्या मतांनी 2015 साली आलं. तिथे माल विकून, गेममधलं सोनं साठवून मी बॉंड नावाची वस्तू घेते, तिच्या बदल्यात 14 दिवसांचं सभासदत्व (एरवी पैसे भरून मिळणारं) मिळतं, खिशातून एक रुपया जात नाही. नाहीतर गेममध्ये चौकात उभं राहून गिऱ्हाईक शोधत ओरडावं लागलं असतं. तेवढा वेळ कुणाकडे आहे?

आता मतदान. गेममधले नवे बदल खेळाडूंच्या मताला टाकतात. बदलाला आधी 75 टक्के मतं लागायची, 2022पासून 70. 2019मध्ये वॉर्डिंग नावाचं नवं कौशल्य खेळाडूंनी पाडलं, 2023मध्ये सेलिंग, म्हणजे जहाज चालवण्याच्या कौशल्याला होकार दिला. हे मला मनापासून आवडतं. पण मत फक्त सभासदांना! फुकट खेळणाराही तोच गेम खेळतो, बदल त्याच्यावरही येतात, मग त्याला का विचारत नाहीत? वर 'गेमच्या हितासाठी' म्हणून काही बदल मतदानाशिवायच होतात. ते मला अजिबात पटत नाही. हळूहळू बदला, पण विचारून.

आणि 2013मध्ये सुरू झालेली ती प्रत आज अधिकृतपणे कुठेच खेळता येत नाही. वॉरक्राफ्ट क्लासिक या अशाच जुन्या रूपात परत आणलेल्या गेमने पुढचे विस्तार आणले, तरी विस्तारांआधीच्या गेमसाठी 'क्लासिक इरा'चे सर्व्हर वेगळे ठेवले. इथेही एक सर्व्हर तसा ठेवावा, ग्रँड एक्सचेंज नसलेला, मोबाइल नसलेला. मी स्वतः तिथे रोज जाणार नाही, तरी तो असायला हवा.

घ्यायचा असेल तर आधी फुकट खेळा. सभासदत्वाला पैसे भरायची घाई नको, सोनं साठेपर्यंत थांबा.