ठिकाण ठेवायचं की पुसायचं? जिम्प, डिजिकॅम, डार्कटेबल आणि एक्झिफटूल

गोंदियाकडच्या धानपट्ट्यात एकाच मोबाईलमध्ये दोन तऱ्हेचे फोटो असतात. रानडुकरांनी लोळवलेल्या धानाच्या फोटोत अक्षांश-रेखांश आणि काढल्याची वेळ शाबूत राहिली, तरच त्याला पुरावा म्हणून वजन. बांधीतल्या सारसाच्या घरट्याचं नेमकं उलट. त्याचं ठिकाण बाहेर पडलं की दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते. फोटो दुरुस्तीचं मुक्त सॉफ्टवेअर निवडताना लोक रंग आणि कात्री बघतात. फाईलच्या पोटातल्या या माहितीचं ते काय करतं, हे मी आधी बघतो.

सॉफ्टवेअरच्या आधीची एक गोष्ट. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या फाईलमधलं ठिकाण वाटेतच गळतं. नुकसानीचा फोटो मागवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, नाहीतर पुढचं सगळं मुसळ केरात.

जिम्प हे फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर अनेकांकडे आधीच असतं. त्यात 'इमेज'च्या मेनूत मेटाडेटा, म्हणजे फाईलच्या पोटातली हीच माहिती, बघायची आणि बदलायची सोय आहे. जेपेग एक्स्पोर्ट करताना एक्झिफ, एक्सएमपी आणि आयपीटीसी (ही माहिती फाईलमध्ये लिहायच्या तीन पद्धती) ठेवायचं की नाही, याच्या वेगवेगळ्या टिकच्या खुणा येतात. घरट्याच्या एखाद-दुसऱ्या फोटोला तेवढं पुरे: तिन्ही खुणा पुसा आणि एक्स्पोर्ट करा. नुकसानीच्या फोटोला मात्र मी जिम्प लावणार नाही. एक तर एक्स्पोर्ट करताना जेपेग नव्याने दाबलं जातं, थोडी का होईना प्रत उतरते. दुसरं म्हणजे सॉफ्टवेअरच्या रकान्यात जिम्पचं नाव आणि बदलाची नवी तारीख बसते. फोटो काढल्याची मूळ वेळ वेगळ्या रकान्यात तशीच राहते, पण तपासणाऱ्याला आधी 'हा फोटो एडिट केलाय' हेच दिसणार.

डिजिकॅम मुळात फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर. आपल्या कामाला मला तेच उजवं वाटतं. चित्राला हात न लावता ते फक्त माहिती बदलतं. नकाशावर फोटो मांडून दाखवतं, त्यामुळे कोणत्या फोटोत ठिकाण आहे हे एका नजरेत कळतं. निवडलेल्या सगळ्या फोटोंतले अक्षांश-रेखांश एकदम पुसताही येतात. कॅमेऱ्याची बॅटरी उतरून तारीख मागे गेली असेल तर अख्ख्या लग्नाचे फोटो एका झटक्यात सरळ करता येतात, स्टुडिओवाल्यांना हे एकच कारण पुरेल. सुरुवातीलाच ते विचारतं की माहिती फाईलमध्ये लिहायची का. 'नको' म्हटलंत तर तुम्ही फोटोला लावलेले टॅग, म्हणजे शोधायचे शब्द, त्याच्या डेटाबेसमध्येच राहतील आणि पेनड्राईव्हवर दिलेल्या फोटोसोबत जाणार नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक मेख ध्यानात ठेवावी. जुन्या आयपीटीसी पद्धतीत एका कीवर्डला, म्हणजे टॅगला, 64 बाइट मिळतात, आणि युनिकोडच्या यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रासुद्धा, 3 बाइट खातं. म्हणजे एकवीस अक्षरांच्या पुढे गाडी अडली. 'पिकाचे नुकसान कपाशी बोंडअळी' एवढंही त्यात मावत नाही. एक्सएमपीत ही अडचण नाही, म्हणून लांब मजकूर तिथेच लिहा.

डार्कटेबल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातले कच्चे, फोटो धुणाऱ्यांसाठी. मूळ फाईलला ते हात लावत नाही, बदल शेजारच्या एक्सएमपी फाईलमध्ये ठेवतं. एक्स्पोर्टच्या पसंतीत ठिकाणाची खूण पुसून ठेवता येते, पण पेनड्राईव्हवर अख्खं फोल्डर चिकटवलं तर ठिकाणासकट मूळ फोटोही जातो. नुसती माहिती पुसायला एवढं जड सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर चढवण्यात अर्थ नाही.

एक्झिफटूलला खिडकी नाही, हुकूम टाईप करावा लागतो, म्हणून लोक बिचकतात. पण फक्त जीपीएस पुसून बाकी सगळं ठेवायचं, तेही हजार फोटोंत, तर याच्यासारखं दुसरं नाही. आपणहून ते मूळ फाईलची वेगळी प्रत बाजूला ठेवतं. त्या प्रतीत ठिकाण असतंच, तेव्हा पाठवण्याआधी ती हलवा. 'सगळंच पुस' असा हुकूम दिलात तर फोटो कोणत्या बाजूने धरला होता ही नोंदही जाते आणि उभा फोटो आडवा दिसू शकतो. म्हणून जीपीएसपुरताच हुकूम द्या, आणि पाठवायची फाईल डिजिकॅमच्या नकाशावर एकदा उघडून बघा.