पाटे, कॉईल का टॉर्शन बार? आमच्या पांदणीवरचा अनुभव

माझी महिंद्राची थार जुनी, २०२० च्या आधीची डिझेल (सीआरडीई), म्हणजे धक्के झेलायला पुढं टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणारा दांडा, अन् मागं पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. भावाची नवी, तिला चारी चाकांना कॉईल, म्हणजे गोल वळलेल्या तारेच्या स्प्रिंगा. दोन्ही गाड्या केजकडच्या आमच्या शेतात एकाच पांदणीनं जातात, काळी माती, बैलगाडीच्या चाकोऱ्या, मधी दोन वढे, त्यामुळं हे काही व्हिडिओ बघून लिहीत नाहीये.

आधी पाटे. गाडी रिकामी असली तर मागं बसलेला पाव्हणा उतरल्याबरोबर कंबर धरतो, हे कबूल. पण डीएपीच्या ६ गोण्या टाका, म्हणजे झाले ३०० किलो, की तीच गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. पाटा नुसती स्प्रिंग नसतो, ॲक्सल जागेवर धरायचं काम बी तोच करतो, म्हणून ॲक्सल धरून ठेवणाऱ्या वेगळ्या दांड्यांचा, म्हणजे लिंक-आर्मचा पसारा लागत नाही. पाटे एकमेकांवर घासतात, त्यानं उसळी आपोआप थोडी मरते, पण त्याच घासण्यापायी बारकी गिट्टीसुद्धा बुडाला कळते, अन् आत चिखल वाळून गंज चढला की मग बोलायलाच नको. मागल्या पावसाळ्यात वढ्यात माझा मेन पाटा तुटला, गाडी एका अंगाला बसली, तरी दोन नंबरच्या पाट्यानं सावरलं अन् हळूहळू गाव गाठलं. उसाच्या ट्रॉल्यांची कामं करणाऱ्या मिस्त्रीनं दुपारपर्यंत पाटा, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट सगळं बदलून दिलं. कॉईलवाल्या गाडीचा लिंक-आर्म वाकला असता तर मला शहरातून पार्ट येईस्तोवर बसून राहावं लागलं असतं.

पण आरामाला कॉईलच, यात वादच नाही. एक चाक चाकोरीत अन् दुसरं बांधावर असलं तरी चाकं जमीन सोडत नाहीत. घासणं नसल्यामुळं उसळी दाबायचं सगळं काम मात्र शॉकवर (शॉक ॲब्सॉर्बरवर), शॉक गेला की गाडी डोलायलीच समजा. भावाला मागं वजन टाकल्यावर गाडी बसते म्हणून एका दुकानदारानं जाड तारेच्या स्प्रिंगा विकल्या. आता तार १४ ची १५ मिलिमीटर केली, बाकी माप तेच ठेवलं, तरी स्प्रिंग साधारण ३२ टक्के कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणं वाढतो. शॉक कंपनीचेच ठेवले होते, त्यांना ते काही आवरेना, स्पीडब्रेकरवर गाडी नुसती उडायची. दोन महिन्यात जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या, पैसे गेले ते गेले.

आता टॉर्शन बार. या दांड्याचं एक टोक चाकाच्या आर्मला अन् दुसरं चेसिसला. त्याचा बोल्ट आवळला की गाडी फुकटात उंच होते म्हणून जो तो आवळतो, मी बी आवळला. त्यानं स्प्रिंग कडक होत नाही बरं का, नुसती उंची वाढते अन् चाकाला खाली जायला जागा कमी उरते, मग खड्ड्यात चाक अधांतरी. वरून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्राईव्ह शाफ्टचा कोन वाढला अन् त्याच्या सांध्यावरचं रबरी बूट फाटून सगळं ग्रीस बाहेर. परत खाली घेतला, अलाइनमेंट केली, आता हात लावत नाही.

गाडी मी विकणार नाही. आईला अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला न्यायचं असलं की मी भावाची किल्ली मागतो, अन् खत आणायचं असलं की तो माझी.