आधी १९४८ चे की १९३८ चे? सोव्हिएत सैन्याची दोन स्मृतिपदके

सोव्हिएत स्मृतिपदकांचा संग्रह सुरू करू पाहणाऱ्याला पहिल्या खरेदीच्या वेळी बहुधा दोन पदकांमधून निवड करावी लागते. ‘लाल सेनेची २० वर्षे’ हे पदक २४ जानेवारी १९३८ रोजी स्थापन झाले आणि ते सोव्हिएत संघाचे पहिलेच पदक होय. ‘सोव्हिएत सेना व नौदलाची ३० वर्षे’ हे पदक २२ फेब्रुवारी १९४८ रोजीचे. दोन्हींचा व्यास ३२ मिलिमीटर आहे, पण साम्य जवळपास तिथेच संपते. पहिले चांदीचे आहे आणि सुमारे साडेसदतीस हजार जणांना मिळाले. दुसरे पितळेचे असून सदतीस लाखांहून अधिक जणांना मिळाले. किमतीतील मोठी तफावत आणि बनावट पदक गळ्यात पडण्याचा धोका, दोन्हींचे मूळ या शंभरपटीच्या फरकात आहे.

१९३८ च्या पदकाच्या दर्शनी बाजूवर लाल मीनाकाम केलेला पंचकोनी तारा आहे आणि त्याखाली सोनेरी मुलाम्याचे रोमन अंकांतील वीस. मागे बुद्योनोव्का टोपी आणि हिवाळी गणवेश घातलेला सैनिक बंदूक झाडताना दिसतो. माझ्या मते त्या काळच्या पदकांमध्ये याहून जिवंत आकृती क्वचितच सापडेल, आणि परीक्षाही तिथूनच सुरू करावी. अस्सल पदक टांकसाळीत ठशाने पाडलेले असल्यामुळे दहापट भिंगाखाली आकृतीच्या कडा धारदार दिसतात. ओतीव नकलेत त्याच कडा गोलसर, साबण झिजल्यासारख्या होतात, सपाट भागावर बारीक छिद्रे उमटतात आणि धातू थंड होताना आकसल्यामुळे व्यासही किंचित कमी भरतो. ताऱ्याचा मीना भट्टीत वितळवलेली काच असते. तिच्यावर टवका उडाला तर तो काचेसारखा तुटलेला दिसतो, तर राळेचा किंवा रंगाचा थर नखाने दाबल्यास मऊ लागतो. लटकन, म्हणजे पदक छातीवर लावण्याची पट्टी व फीत, काढून आधी हवेत आणि मग पाण्यात वजन केले, तर चांदीची घनता दहाच्या आसपास येते आणि पितळेची साडेआठच्या आसपास, त्यामुळे चांदीचा मुलामा दिलेली पितळी नक्कल लगेच उघडी पडते.

तरीही खरी फसवणूक बहुधा पदकाच्या चकतीत नसून लटकनात असते. सुरुवातीला हे पदक लाल फितीच्या लहान आयताकृती पट्टीवर लावले जाई. १९ जून १९४३ च्या हुकुमानंतर पंचकोनी पट्टी आणि कडांना लाल पट्टे असलेली करडी फीत आली. जुन्या पट्टीला जास्त भाव मिळतो, म्हणून अस्सल चकतीला नवी बनवलेली आयताकृती पट्टी जोडून विकण्याचा प्रकार होतो. कडी आणि पदकाचे कान जिथे एकमेकांना घासतात तिथली झीज दोन्हींवर सारखी आहे का, हे पाहिल्याशिवाय जुन्या पट्टीचा जादा भाव देऊ नये.

१९४८ च्या पदकाबाबत एवढी चिकित्सा लागत नाही. त्यावर लेनिन व स्टालिन यांच्या बाजूने पाहिलेल्या मुद्रा आहेत. इतक्या विपुल आणि स्वस्त पदकाची नक्कल करण्यात फारसा नफा नसतो. फीत मात्र तपासावी: तिच्यावर कडांच्या बारीक लाल पट्ट्यांखेरीज मध्ये एक रुंद लाल पट्टा असतो, आणि फिती बदललेली पदके बाजारात येत असतात.

दोन्ही पदकांवर अनुक्रमांक नसल्यामुळे केवळ पदकावरून ते कोणाला मिळाले हे शोधता येत नाही. पदकाला नाव मिळते ते सोबतच्या प्रमाणपत्रामुळे. म्हणून १९३८ चे पदक प्रमाणपत्राविना आणि अनुभवी संग्राहकाला दाखवल्याविना घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, आणि प्रमाणपत्राचा कागद, शाई व शिक्काही पदकाइतक्याच बारकाईने पाहावा. १९४८ चे पदक प्रमाणपत्रासह मिळत असेल तर निःशंकपणे आधी तेच घ्यावे, कारण ठशाची धार आणि नैसर्गिक झीज कशी असते हे डोळ्यांना त्यातूनच कमी खर्चात कळते. विक्रेता रशियातील असल्यास दोन्हींबाबत सावध राहावे: तिथल्या दंडसंहितेच्या कलम ३२४ नुसार सोव्हिएत शासकीय पदकांची बेकायदा खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.