बी-फोर : अनेक मेंटेनरांशी एकाच वेळी व्यवहार करणाऱ्या कर्नल डेव्हलपरांसाठी

बाणेर-हिंजवडीच्या पट्ट्यात एम्बेडेड बोर्डांवर काम करणारे जे गट आपले ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) पोचवू पाहतात, त्यांची मोठी अडचण बहुधा कोडमध्ये नसते. बोर्ड व्यवस्थित बूट होत असतो. परंतु तीन-चार मेंटेनरांच्या (कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांच्या) संमतीवर अवलंबून असलेली पॅच सिरीज (क्रमाने लावायच्या बदलांचा संच) नेमक्या कोणाच्या ट्रीमधून (मेंटेनरच्या कोडच्या प्रतीतून) आत जाणार, हा प्रश्न एकामागून एक मर्ज विंडो (नवे बदल स्वीकारण्याचे कालखंड) उलटून गेल्या तरी सुटत नाही. आमच्या गटात या कामासाठी बी-फोर हे कमांड लाइनवरचे साधन नियमित वापरले जाते.

कॉन्स्टँटिन र्‍याबित्सेव यांनी पायथॉनमध्ये लिहिलेले हे साधन मुक्त आणि विनामूल्य आहे. ते मुळात मेंटेनरांच्या सोयीसाठी होते: ईमेलने आलेली संपूर्ण सिरीज, तिच्यावर नंतर आलेल्या ‘रिव्ह्यूड-बाय’ (तपासल्याची) आणि ‘अॅक्ड-बाय’ (संमतीची) या ओळींसह, गिटमध्ये (कोडमधील बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत) थेट लावता येईल अशा रूपात उतरवून घ्यायची. २०२२ मधील ०.१० आवृत्तीत ‘प्रेप’ (सिरीज तयार करणारी) आणि ‘सेंड’ (ती पाठवणारी) या कमांड आल्या आणि पॅच पाठवणाऱ्यालाही ते उपयोगी पडू लागले. उबंटू २२.०४ मधील पॅकेज त्याआधीचे असल्यामुळे त्यात ‘प्रेप’ मिळत नाही. तेथे पिपने (पायथॉनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) नवी आवृत्ती बसवावी.

या साधनाची कसोटी कोठे लागते, हे पॉवर मॅनेजमेंट चिपच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अशा चिपचा मुख्य ड्रायव्हर एमएफडीच्या (अनेक कामे करणाऱ्या चिपांच्या विभागाच्या) ट्रीमध्ये जातो, व्होल्टेज सांभाळणारा भाग रेग्युलेटरच्या, घड्याळाचा भाग आरटीसीच्या आणि बोर्डाची डिव्हाइस ट्री फाइल (हार्डवेअरचे वर्णन) त्या प्रोसेसरच्या ट्रीमध्ये. रजिस्टरांच्या व्याख्या असलेली हेडर फाइल मुख्य ड्रायव्हरच्या पॅचमध्ये असते, आणि तिच्याशिवाय रेग्युलेटरचा ड्रायव्हर कंपाइलच होत नाही. दोष शोधताना गिट बायसेक्ट (बिघाड आणणारा बदल हुडकणारी कमांड) चालावे म्हणून प्रत्येक कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) कर्नल बिल्ड झालाच पाहिजे, असा दंडक आहे. त्यामुळे रेग्युलेटरच्या मेंटेनरने आपला पॅच परस्पर उचलला, तर त्याची ट्री मोडते. यावर रूढ मार्ग तीन आहेत. बाकीच्यांनी ‘अॅक्ड-बाय’ द्यावे आणि सगळी सिरीज एकाच ट्रीमधून जावी. किंवा एका मेंटेनरने पुन्हा कधीही न बदलणारी शाखा काढावी आणि इतरांनी ती आपापल्या ट्रीमध्ये ओढून घ्यावी. किंवा पाया या रिलीजमध्ये आणि त्यावरचे काम पुढच्या रिलीजमध्ये न्यावे. दोन रिलीजांमध्ये साधारण नऊ ते दहा आठवडे असतात, त्यामुळे तिसरा मार्ग कोणत्याही मॅनेजरला आवडत नाही.

बी-फोर यांपैकी कोणताही मार्ग निवडून देत नाही. मात्र मार्ग ठरवण्यासाठी लागणारी माहिती ते सर्वांसमोर नीट ठेवते. ‘प्रेप’ने सिरीज सुरू केली की तिला एक कायमची चेंज-आयडी मिळते, आणि पुढच्या सर्व आवृत्त्या त्या ओळखीवर जोडल्या जातात. २०२४ मधील ०.१४ आवृत्तीपासून ‘एडिट-डेप्स’ या पर्यायाने आपली सिरीज दुसऱ्या कोणत्या सिरीजवर उभी आहे, हे नोंदवता येते. एडिटरमध्ये एक छोटी फाइल उघडते, तिच्यात त्या दुसऱ्या सिरीजची चेंज-आयडी आणि आवृत्ती लिहायची. पाठवताना हीच माहिती कव्हर लेटरच्या (सिरीजची ओळख करून देणाऱ्या पहिल्या ईमेलच्या) तळाशी, बेस-कमिटच्या (सिरीज ज्या कमिटवर लावायची त्याच्या) शेजारी, यंत्राला वाचता येईल अशा ठरीव रूपात जाते. ‘हे पॅच अमुक यांच्या पॅचवर आधारित आहेत’ असे मोघम वाक्य लिहून मोकळे होण्याची जुनी सवय यामुळे सुटते. केवळ या एका सोयीसाठीही मी हे साधन सुचवीन.

मेंटेनरांचे पत्ते गोळा करण्याचे काम ‘ऑटो-टू-सीसी’ करते आणि लहान सिरीजसाठी ते उत्तम आहे, कारण प्रत्येकाला सगळे पॅच मिळतात आणि आपला पॅच कशावर टेकला आहे ते दिसते. एखाद्या फंक्शनचे नाव पन्नास ड्रायव्हरांमध्ये बदलायचे असेल, तेव्हा मात्र हीच सोय अंगलट येते. संबंध नसलेल्या माणसांच्या इनबॉक्समध्ये ढीग साचतो आणि ज्याचे उत्तर खरोखर हवे, तो गप्प राहतो. अशा वेळी नवे फंक्शन एका रिलीजमध्ये आणावे, वापरणारे ड्रायव्हर पुढच्या रिलीजमध्ये आपापल्या ट्रीमधून बदलावेत आणि जुने फंक्शन त्यानंतर काढावे, हेच शहाणपणाचे. पण सिरीज फोडा, असे बी-फोर सांगत नाही.

मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना ‘सेंड’ची वेब सोय विशेष आवडेल. ऑफिसचा मेल सर्व्हर पॅचमधील टॅबच्या जागी स्पेस घालतो आणि खाली कायदेशीर सूचनेचा परिच्छेद चिकटवतो, हा मनस्ताप येथे अनेकांच्या परिचयाचा आहे. आमच्या एका क्लायंटकडे तर एसएमटीपी (ईमेल पाठवण्याचा नेहमीचा मार्ग) पूर्ण बंद होते. आपल्या किल्लीने सही करून सिरीज कर्नल डॉट ऑर्गच्या वेब सेवेमार्फत पाठवली की हा सगळा अडथळा टळतो. पाठवणाऱ्याच्या नावापुढे ‘व्हाया बी-फोर रिले’ असे दिसते, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. प्रथम ‘रिफ्लेक्ट’ वापरून सिरीज स्वतःलाच पाठवून पाहावी, हे नव्या मुलांना आग्रहाने सांगावे लागते.

‘ट्रेलर्स’ ही कमांड आलेले ‘अॅक्ड-बाय’ आपल्या कमिटांमध्ये भरते. रेग्युलेटरच्या मेंटेनरचा ‘अॅक्ड-बाय’ हा ‘तुमच्या ट्रीमधून न्या, माझी हरकत नाही’ या अर्थाचा आहे की नुसती पसंती आहे, हे मात्र त्याच्या उत्तरातूनच वाचावे लागते, आणि घाईत तेच वाचायचे राहते. माझी मुख्य तक्रार येथेच आहे: सिरीजचा प्रस्तावित मार्ग नोंदवण्यासाठी बी-फोरमध्ये स्वतंत्र जागा नाही. आम्ही कव्हर लेटरमध्ये पहिल्याच परिच्छेदात पॅचचे क्रमांक देऊन लिहितो, की पहिले तीन एमएफडीमार्गे जावेत, चौथा आरटीसीच्या संमतीने त्यांच्याबरोबरच जावा आणि पाचवा प्रोसेसरच्या ट्रीने नंतर उचलावा. उत्तरे लवकर येऊ लागली ती या परिच्छेदामुळे, असे माझे मत आहे.